पुरात धावून आलेल्यांचे आभार

2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 43 फूट. शाहूपुरीतल्या आमच्या घरात रात्रीतून कमरेएवढं पाणी चढलं, आणि आई अंथरुणाला खिळलेली.

तालमीच्या पोरांनो, तुमची नावं विचारायची राहून गेली. ट्रकच्या ट्यूबवर फळी बांधून तुम्ही तिला बाहेर काढलंत. "आजी, घट्ट धरा, भिऊ नका," म्हणालात. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं तिचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, तुमच्यातल्या एकानं गल्लीच्या टोकापर्यंत एका हातानं डोक्यावर धरलं होतं. पानाला थेंब लागू दिला नाही. तो हात अजून डोळ्यांसमोर आहे.

त्या अंधारात आई 46 वं स्तोत्र म्हणत होती, तोंडपाठ. चष्मा घरातच राहिलेला. लहानपणी ती आमच्याकडून रोज दिवेलागणीला स्तोत्रं पाठ करून घ्यायची, तेव्हा आम्ही कंटाळायचो. प्रभू येशूच्या दाखल्यात खडकावरच्या घरावरही तोच पाऊस पडतो आणि तोच पूर येतो. पाया मात्र आधी घातलेला असतो, हे मला त्या रात्री कळलं. प्रार्थनेनं पाणी ओसरलं नाही. देवानं तुम्हाला पाठवलं.

निवाऱ्यात गरम झुणका-भाकर देणाऱ्या मावशी, चिखल उपसायला आलेले आमच्या चर्चच्या मंडळीतले बंधू-भगिनी, तुमचेही मनापासून आभार.

आई आता प्रभूजवळ आहे. तिचं शास्त्र माझ्याकडे आहे. ते उघडलं की तुमच्यासाठी प्रार्थना होतेच. प्रभू तुमचं भलं करो.