कॅसेटवरचे चित्र फसवे

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या व्हिडिओ गेमवर आलेल्या लेखाचा सूर असा होता की सिनेमा-कार्टूनच्या नावावर निघालेले गेम म्हणजे निव्वळ कचरा. हे अर्धेच खरे आहे. सांगली-मिरजेत अशा गेमच्या, यंत्रात खोचायच्या कॅसेटी शोधत फिरणारे आजही भेटतात. तो लेख वाचून त्यांनी चांगली कॅसेट दुकानातच सोडून यायला नको, म्हणून हे पत्र.

असे गेम बिघडतात ते बहुतेक वेळा तारखेपायी. अटारी २६०० या टीव्हीला जोडायच्या जुन्या यंत्रावर ‘ई.टी.’ सिनेमाचा गेम आला, त्याला सगळेच नावे ठेवतात. त्याच्या हक्कांचा सौदा जुलै १९८२ च्या अखेरीस झाला आणि नाताळच्या विक्रीसाठी गेम १ सप्टेंबरला तयार हवा होता. गेम बनवणारे हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना जेमतेम पाच आठवडे मिळाले. यंत्राची रॅम, म्हणजे काम करतानाची मेमरी, १२८ बाइट, कॅसेट ८ केबीची. या गेममधला दोष नेमका दाखवता येतो. पडद्यावर खड्डा वरून पाहिल्यासारखा दिसतो आणि पात्र बाजूने. पाय खड्ड्यापासून लांब असले, तरी डोक्याचा एक ठिपका काठाला लागला की स्वारी आत! नीट चाचणी झाली असती तर हे पहिल्याच दिवशी सापडले असते. याच वॉरशॉ यांचा, त्याच वर्षी आलेला ‘यार्स रिव्हेंज’ आजही वाखाणला जातो, तेव्हा माणसात खोट नव्हती.

उलट बाजूला निन्टेन्डोच्या एनईएस यंत्रावरचा, कॅपकॉम कंपनीचा १९८९ चा ‘डक टेल्स’ ठेवा. मालिका १९८७ पासून सुरू होती, त्यामुळे सिनेमाच्या प्रदर्शनाची तारीख गाठायची नव्हती आणि काम कॅपकॉमच्याच ‘मेगा मॅन’ या गेमवर हात बसलेल्या मंडळींकडे होते. पाच स्टेज, हव्या त्या क्रमाने. उडी मारून हवेत असताना खालचे बटण आणि बी दाबून धरले की काठीवर टणाटण उड्या मारत काट्यांवरूनही जाता येते. सनसॉफ्टचा ‘बॅटमॅन’ असाच. सिनेमा जून १९८९ चा, गेम जपानमध्ये डिसेंबरात आला; त्यातली भिंतीवरून उलटी उडी एकदा साधली की सोडवत नाही. निन्टेन्डो ६४ वरचा ‘गोल्डनआय’ तर सिनेमानंतर पावणेदोन वर्षांनी, ऑगस्ट १९९७ मध्ये आला. वेळ मिळाला म्हणजे गेम चांगलाच होतो असे मात्र नाही. त्याच यंत्रावरचा १९९९ चा ‘सुपरमॅन’ कार्टून मालिकेवरचा होता, तरी त्यात घड्याळाशी झुंजत आकाशातल्या गोल कड्यांमधून उडत राहावे लागते आणि पात्र बटणांना धड दाद देत नाही.

नाव एक आणि गेम दोन, हाही घोळ आहे. १९९३ चा ‘अलादिन’ सेगा मेगा ड्राइव्ह या यंत्रावर व्हर्जिन कंपनीने केला, सुपर निन्टेन्डोवर कॅपकॉमने. पहिल्यात हातात तलवार आहे, दुसऱ्यात शत्रूच्या डोक्यावर उड्या मारायच्या. म्हणून चित्र पाहू नका. गेम सुरू होताना पडद्यावर येणारी कंपनीची नावे वाचा. त्यातही वितरक आणि बनवणारे बरेचदा वेगवेगळे असतात.

आपल्याकडच्या ‘९९९९ इन १’ कॅसेटींवर बदकाचे वा वटवाघळाचे चित्र असले तरी भुलू नका. आत बहुधा २४ ते ४० केबीचे सुरुवातीच्या काळातले गेमच फिरवून फिरवून भरलेले असतात. ‘डक टेल्स’ १२८ केबीचा, त्याला मेमरीचे भाग बदलणारे वेगळे सर्किट लागते. तो सुट्या किंवा ‘४ इन १’ कॅसेटमध्ये शोधा. आणि गेम संथ वाटला तर लगेच बनवणाऱ्याला दोष देऊ नका. आपली टीव्हीच्या ‘पाल’ (PAL) पद्धतीची गेमयंत्रे सेकंदाला ६० ऐवजी ५० वेळा चित्र काढतात, त्यामुळे अमेरिका-जपानसाठी केलेला गेम आणि त्याचे संगीत दोन्ही एक-षष्ठांशाने मंदावतात.

दुकानात दहा मिनिटे तरी खेळून पाहा. पात्र अगदी काठाशी उभे करून उडी मारा, उडी आणि गोळी एकदम दाबा, दुसऱ्या स्टेजपर्यंत जा. चित्रात चौकटी विस्कटल्या तर बहुधा पिना, म्हणजे कॅसेटच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या पट्ट्या, मळलेल्या असतात. पांढऱ्या खोडरबरने हलके घासा, कचरा झटका, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा कापूस फिरवून दहा मिनिटे वाळू द्या. तोंडाने फुंकू नका, थुंकीच्या ओलीने पिना गंजतात. एवढे करूनही गेम दर वेळी एकाच जागी अडकत असेल तर दोष बहुधा आतल्या चिपमध्ये आहे, पैसे घालू नका. सांगलीच्या गावभाग, मारुती चौक परिसरातून आलेला जुना माल घेताना स्क्रू काढून आत पाहाच. २०१९ च्या महापुरात भिजलेल्या आतल्या सर्किटच्या पट्टीवर हिरवट बुरशीसारखा थर दिसतो, आणि तांब्याच्या रेघा तुटल्या असतील तर खोडरबरचा काही उपयोग नाही.

— एक वाचक, विश्रामबाग, सांगली