गुलमर्गच्या त्या माणसांचे मनापासून आभार

गोंडोलाच्या, म्हणजे केबल कारच्या, दुसऱ्या टप्प्याने अफरवट डोंगरावर पोहोचलो आणि सुमारे १३ हजार फुटांवरच्या विरळ हवेत आईला धाप लागली. अशा वेळी लगेच खाली उतरणं हाच खरा उपाय. गर्दीतून वाट काढत आम्हाला परतीच्या केबिनमध्ये बसवणारे कर्मचारी दादा, तुमचे उपकार विसरणार नाही. कोंगडोरीला, म्हणजे गोंडोलाच्या मधल्या स्थानकावर, थर्मासमधला गरम कहवा पाजून आईचे गारठलेले हात चोळत बसलेल्या काश्मिरी मावशी, तुम्ही तर अगदी घरच्यासारखं केलंत. आईला बरं वाटल्यावर ती बाबांबरोबर केबिनने उतरली, आम्ही भावंडं पायवाटेने. धुक्यात वाट दिसेना, तेव्हा गुलमर्गपर्यंत सोबत आलेल्या घोडेवाल्या चाचांनी पैसेही घेतले नाहीत. आई आता ठणठणीत आहे. तुम्हा सगळ्यांना तिने आशीर्वाद कळवलेत.