बाळ काचेत आहे, आईची सोय करू या

सप्रेम नमस्कार,

गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळातल्याच एका घरी सातव्या महिन्यात मुलगी झाली. वजन नऊशे ग्रॅम. श्वास सुधारला, घरच्यांना धीर आला आणि तिसऱ्या आठवड्यात तिच्या रक्तात बुरशी सापडली. "बुरशी भाकरीला लागते, बाळाला कशी लागेल?" आजी ज्याला त्याला विचारत होती. चार दिवसांत मुलगी गेली.

नंतर डॉक्टरांनी आम्हाला बसवून समजावले. कॅन्डिडा ही बुरशी पुष्कळ निरोगी माणसांच्या अंगावर, आतड्यात असते. पण अशा बाळाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, चिकटपट्टी काढली तरी सोलवटते. दूध पचत नाही म्हणून शिरेत बारीक नळी घालून पोषण द्यावे लागते. अँटिबायोटिकने इतर जंतू मरतात, बुरशीला रान मोकळे होते. पुष्कळदा ती हातांवरून पोहोचते. चंदीगडच्या पीजीआय या मोठ्या रुग्णालयात १९९६ ते १९९८ दरम्यान पिचिया नावाच्या बुरशीने ३७९ नवजात बाळांना आणि मुलांना गाठले, तेव्हा ती कर्मचाऱ्यांच्या हातांवरही सापडली होती. हात धुण्याची मोहीम आणि प्रतिबंधक औषधे, दोन्ही लागली तेव्हा साथ आटोक्यात आली. त्यामुळे कोणा एका नर्सताईंवर खापर फोडायची आमची इच्छा नाही.

आपल्या हातात एक गोष्ट आहे. आईचे दूध पचू लागले की नळी लवकर निघते आणि धोका कमी होतो. पण आईला डिस्चार्ज मिळतो, बाळ मात्र काचेतच राहते. गाव लांब, राहायला जागा नाही. जिन्याखाली, पदराआड, वाटीत दूध काढत बसलेल्या तीन आया आम्ही डोळ्यांनी पाहिल्या. त्यांच्याजवळ हात धुवायला साबणही नव्हता.

रुग्णालयाने एक खोली देऊ केली आहे. तिथे खाटा, गिझर, बेसिन, भांडी उकळायची सोय आणि दोन वेळचे जेवण एवढे आपण उभे करू. यंदा गणपतीची रोषणाई रद्द करून ती रक्कम आम्ही यात घातली आहे. ती पुरणार नाही. शिवाय बुरशीवरचे महागडे इंजेक्शन कधी बाहेरून आणावे लागले तर त्यासाठी थोडा निधी बाजूला हवा.

जमेल ती रक्कम द्या, पावती जरूर घ्या. पैसे जमत नसतील तर आठवड्यातून एक डबा द्या. जुने कपडे, खेळणी आणू नका. बाळे पाहायला वॉर्डात जाण्याचा आग्रहही धरू नका.

मंडळाच्या कार्यालयात रोज संध्याकाळी सात ते नऊ नावे घेतली जातील. सोमवारच्या डब्यासाठी पहिले नाव त्या मुलीच्या आईने लिहिले आहे.