अष्टमीला कुलाबा किल्ला पाहायला निघालेल्या शाळेकडून

आदरणीय तांडेलकाका,
सप्रेम नमस्कार.

आपले नाव कोठेही छापू नये, असे आपण निघताना बजावले होते, म्हणून या उघड पत्रातही आपल्याला तांडेलकाकाच म्हणते. शिरपूर तालुक्यातील तापीकाठच्या आमच्या शाळेची नववीची मुले घेऊन मी अलिबागला आले, तेव्हा आपली आमची ओळखही नव्हती. पाण्यातून चालत कुलाबा किल्ल्यात शिरायचे, या एका आशेवर मुले रात्रभर एस.टी.त जागी होती. दुपारी बाराला ओहोटी आहे, एवढे मी मोबाइलवर पाहून ठेवले होते आणि बाराच्या ठोक्याला आम्ही किनाऱ्यावर हजर होतो; पण समोर किल्ला आणि मध्ये कमरेएवढे पाणी. ‘बाई, आठे ते बठ्ठं पानीच से!’ असे एक मुलगा ओरडला, तेव्हा जवळच जाळे शिवत बसलेल्या आपण मान वर केलीत आणि एवढेच विचारलेत, ‘बाई, आज तिथी कोणती?’

अष्टमी होती. भांगाची भरती हा भाग मी सोळा वर्षे शिकवत आले आहे. अष्टमीच्या सुमारास पृथ्वीवरून पाहता चंद्र आणि सूर्य काटकोनात येतात, दोघांची ओढ निरनिराळ्या दिशांना जाते, त्यामुळे भरती फारशी चढत नाही आणि ओहोटीही फारशी उतरत नाही, हे मी डोळे मिटूनही फळ्यावर काढून दाखवीन. सहलीची तारीख ठरवताना मात्र दिनदर्शिकेतील त्या चौकटीच्या कोपऱ्यात छापलेली तिथी वाचावी, हे मला सुचले नाही. मुलांसमोर मी ओशाळले होते. आपण हसला नाहीत, उलट त्यांना वाळूत बसवून पाऊणपटीचा हिशेब शिकवलात: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, आणि तेथून सहा तास मोजले की ओहोटीची. अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणजे ओहोटी बाराला. वेळ माझी बरोबर होती, दिवस चुकला होता. पुस्तकात भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते असे आहे आणि आपल्या हिशेबात ४५, हे एका मुलीने लगेच पकडले. त्यावर ‘पंधरवडा सरला की आम्ही पुन्हा एकपासून मोजतो, तेवढा फरक होडी सांभाळून घेते’ हे आपले उत्तर मी टाचणवहीत लिहून ठेवले आहे.

मग आपणच ओळखीच्या होडीतून आम्हाला पलीकडे पोहोचवलेत. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये काम सुरू केलेला आणि पुढे कान्होजी आंग्रे यांचे मुख्य ठाणे झालेला हा किल्ला. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून आले तरी त्यांच्या हाती लागला नाही. एवढे मी सांगेपर्यंत आपण मुलांना तटाच्या पायथ्याशी उकिडवे बसवले होते. चुन्याविना नुसते रचलेले ते प्रचंड दगड, आणि त्यांच्यावर खालून वर गेलेले पट्टे: तळाला शेवाळ, त्यावर धारदार कालवे, त्यावर पांढुरके बार्नेकल आणि सर्वांत वर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोगलगाई. ज्याला जितका वेळ पाण्याविना काढता येतो तितका तो वर राहतो, हे आपण सांगितलेत आणि बार्नेकल चिकटलेला एक सुटा दगड डब्याच्या झाकणात समुद्राचे पाणी घेऊन त्यात ठेवलात. पाच-सात मिनिटे काहीच झाले नाही. मुले चुळबुळू लागली. तेवढ्यात एका कवचाचे तोंड किलकिले झाले आणि पिसासारखे पाय बाहेर येऊन पाणी ओढू लागले. बाहेर, आत, बाहेर, आत. आजवर मी त्याला शिंपल्याचा भाऊबंद समजत होते, तो निघाला खेकड्याच्या कुळातला.

शंखांनी भरलेली एका मुलाची पिशवी आपण वाळूवर रिकामी करवलीत आणि शांत बसायला सांगितलेत. थोड्याच वेळात निम्मे शंख चालू लागले. आतील खेकड्यांना ती घरे परत मिळाली, याचे श्रेय सर्वस्वी आपले आहे.

आम्हा खान्देशकरांना समुद्र भेटतो तो आठवडे बाजारात, सुकट-बोंबलाच्या ढिगाऱ्यातून. परतल्यावर मुलांनी त्या विक्रेत्या मावशींना इतके प्रश्न विचारले की त्यांनी माझ्याकडे तक्रार केली. ‘आपली तापी येथे येते का?’ या प्रश्नाला आपण ‘ती सुरतेकडे उतरते’ म्हणून उत्तरेला बोट केले होते, तो धागा आम्ही वर्गात पुढे नेला. सतराव्या शतकात आमच्या धरणगावला इंग्रजांची वखार होती, येथील कापड सुरतेच्या बंदरातून जहाजांवर चढत होते, आणि पुढे याच किनाऱ्यावर आंग्र्यांचे दस्तक, म्हणजे परवाना, नसलेल्या व्यापारी जहाजांना वाट मिळणे कठीण झाले. धरणगाव आणि कुलाबा मी आजवर वेगवेगळ्या तासांना शिकवत होते. ते एका तासात आणण्याचे निमित्त आपण झालात, याबद्दल मी आपली ऋणी आहे.

सोबत केळ्याचे वेफर्स पाठवत आहे. हिवाळ्यात इकडे आलात तर कळण्याची भाकरी आणि भरीत आपली वाट पाहत असेल. पुढच्या सहलीचा दिवस मुलांनीच काढला आहे. मी पौर्णिमा म्हणत होते, पण त्या दिवशी ओहोटी पहाटे अंधारात येते, शिवाय उधाणाचा, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरती-ओहोटीचा, जोर एक-दोन दिवस नंतरच अधिक असतो, असे त्यांनी मला ऐकवले. म्हणून वद्य तृतीया. तिची पाऊणपट सव्वादोन, त्यातून सहा तास वजा केले की सकाळचे सव्वाआठ. आम्ही आठलाच वाळूवर उभे असू.

आपली नम्र,
भूगोलाच्या बाई