विषय : इंग्रजी ॲपमधील नकारार्थी प्रश्नांच्या धड्यातल्या चुका

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या इंग्रजी शिकवणाऱ्या ॲपची मी पैसे भरून झालेली सभासद आहे. नकारार्थी प्रश्नांच्या धड्याबद्दल चॅटवर तक्रार केली होती, ती 'निराकरण झाले' असा शेरा मारून बंद केली गेली. निराकरण काहीच झालेलं नाही, म्हणून हे पत्र.

मागच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर क्लायंटने विचारलं, 'हॅवन्ट यू रिसीव्ह्ड द फाइल?' फाइल आली नव्हती. तुमच्या धड्यात शिकवलंय तसं मी 'येस' म्हणाले. मराठीत 'मिळाली नाही का?' ला आपण 'हो, नाही मिळाली' म्हणतो, तसंच. तो 'गुड' म्हणून पुढच्या विषयाकडे वळला. दोन दिवस मी फाइलची वाट बघत होते आणि तो माझ्या कामाची! इंग्रजीत प्रश्न होकारार्थी असो की नकारार्थी, फाइल मिळाली असेल तर 'येस, आय हॅव' आणि नसेल तर 'नो, आय हॅवन्ट'. तुमच्या ॲपमध्ये मात्र 'येस, आय हॅवन्ट' या उत्तरापुढे हिरवी खूण आहे. स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे.

दुसरं, 'डोन्ट यू नो हिम?' चं औपचारिक रूप विचारलं होतं. मी 'डू यू नॉट नो हिम?' लिहिलं, तर लाल फुली. तुमचं उत्तर, 'डू नॉट यू नो हिम?' प्रतिनिधी म्हणाले, "मॅडम, डोन्ट म्हणजे डू नॉट, सिस्टिम बरोबर आहे." ते मलाही ठाऊक आहे हो! पण 'डोन्ट' जोडलेलं असतं तोवरच अख्खं कर्त्याच्या आधी बसतं. फोड केली की 'डू' जागच्या जागी राहतं आणि 'नॉट' कर्त्यानंतर जातं. २०० वर्षांपूर्वीच्या इंग्रजी गद्यात 'डू नॉट यू' सापडतं, पण आज तसं कुणी बोलत नाही.

'व्हाय यू डिडन्ट कम?' बरोबर धरलंय. हवं 'व्हाय डिडन्ट यू कम?' 'ॲम आय नॉट लेट?' चं जोडरूप 'ॲमन्ट आय' दिलंय. प्रमाण इंग्रजीत ते 'आरन्ट आय' होतं. 'आय' पुढे 'आर' विचित्र दिसतं, मान्य, पण आहे ते असं आहे.

आणि 'डिडन्ट यू कॉल हिम?' हे वाक्य तुम्ही 'नम्र विचारणा' या मथळ्याखाली कसं घातलंत? साधी चौकशी 'डिड यू कॉल हिम?' अशी होते. 'डिडन्ट' आलं की 'करायला हवा होतास, केला नाहीस?' असा सूर लागतो. साहेबांना असं विचारून बघा.

धडा दुरुस्त करावा, चुकीच्या फुल्यांमुळे अडकलेली माझी पुढची पातळी उघडावी आणि गेलेल्या दिवसांइतकी मुदत वाढवून द्यावी. उत्तर कृपया धडा स्वतः वाचलेल्या व्यक्तीकडूनच यावं.

आपली,
एक सभासद