आई-आबा, खालची खोली तयार आहे

मंगळवार पेठ, कोल्हापूर

तीर्थरूप आई आणि आबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून आबा म्हणतील, फोन असताना हिला कागद कशाला नासायचा होता. पण फोनवर तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणून ठेवता आणि आई "जेवलीस का" याच्या पुढं जात नाही. मला सगळं सलग सांगायचंय. आणि कागद कापणीतला उरलेलाच आहे, विकत आणलेला नाही.

आधी गुडघा. दादा सांगत होता, तिथं पुण्यात त्याच्या घरी व्यायाम घ्यायला माणूस आला की आबा झोपेचं सोंग घेतात. आबा, गुडघा बदलला म्हणजे काम संपलं नाही. वाकवला नाही तर आखडतो, हे डॉक्टरांनी तुमच्या-माझ्यासमोर सांगितलंय. दुखतंय म्हणून त्या पोराला परत पाठवू नका. पोतदार काकांसारखं आयुष्यभर काठीवर यायचं असेल तर तसं सांगा. आणि आई, तुझे उपास. साखरेची गोळी घेऊन उपास करायचा नसतो, आणि उपास आहे म्हणून गोळी टाळायची नसते. मार्गशीर्षातले गुरुवार तू मनातल्या मनात कर, देवी काही हजेरी घेत नाही.

परत आलात की माडी चढायची नाही. तुमची झोपायची सोय खाली केली आहे, प्रेसच्या मागच्या खोलीत. खिडकीतून तुळस दिसते. संडासात कमोड बसवून घेतला, शेजारी भिंतीला धरायला स्टीलचा दांडा आहे. मी स्वतः लोंबकळून बघितला, हलत नाही. आईचं लोखंडी कपाट खाली आणलं, आतलं काहीही न हलवता. तुझ्या साड्यांतल्या डांबरगोळ्यासुद्धा होत्या तिथंच आहेत. आबांचा रेडिओ उशाशी ठेवलाय, सांगली आकाशवाणी स्वच्छ लागते. देवघरात रोज दिवा लागतो. गल्लीतला कुत्रा तुमच्या नावानं दाराशी बसतो, त्याला भाकरी मिळते.

आता ती खोली रिकामी कशी झाली, हे तुमच्या मनात आलंच असेल. त्यावर येते. आधी पत्त्यांचं सांगू दे.

आईनं वहिनीला सांगितलंय म्हणे, की "शैला ते भविष्याचे पत्ते रंगवत बसते". रंगवून झाले. टॅरो म्हणतात त्यांना, आणि माझ्या संचात चित्रं आपल्या कोल्हापूरची आहेत. छापायला घेतले आहेत. यंदाच्या लगीनसराईची एकही पत्रिका मी घेतलेली नाही. आर्ट कार्ड आलंय, चाररंगी छपाई शिरोलीला होईल, पंचिंग, म्हणजे पत्ते साच्यानं कापणं, आपल्याकडं. 500 संच. डब्यावर प्रेसचं नाव असेल, आजोबांच्या अक्षरातलं.

आबा, रागावण्याआधी हिशोब बघा. ज्या घरांतून हजार पत्रिकांची ऑर्डर यायची, ती माणसं आता देवापुढं ठेवायला आणि भाऊबंदांना पन्नास मागतात, बाकीचं मोबाईलवर. त्या पन्नासात दर घासायचा, वर "नावात चूक झाली, परत छापा". हे तुम्हीच मला गेल्या वर्षी ऐकवलंत. मी फक्त ते मनावर घेतलं.

तर टॅरो. याचं मूळ भविष्यात नाहीच. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हा खेळायचा डाव होता, आपल्या हुकमाच्या डावासारखे हात करायचे. एकूण 78 पानं. त्यातली 56 म्हणजे चार रंगांची चौदा-चौदा, आणि वरची 22 चित्रांची, त्यातली 21 कायमची हुकूम. फ्रान्समध्ये अजून लोक तो डाव खेळतात. भविष्य त्याला चिकटलं ते अठराव्या शतकाच्या शेवटी, पॅरिसमध्ये. आज जी चित्रं जगभर दिसतात ती लंडनमध्ये 1909 साली निघाली. पामेला कोलमन स्मिथ नावाच्या बाईनं काढली, 78 च्या 78, आणि तिला पैसे फारच थोडे मिळाले. तिची आठवण मला काम करताना यायची, विशेषतः लाईटबिल भरताना.

गावावरून पत्ते करायचं डोक्यात आलं ते प्रागच्या संचामुळं. 2003 साली तिथले पुतळे, इमारती, दारांवरची चिन्हं घेऊन कुणी पूर्ण संच केला. त्या गावात घरांना नंबर नव्हते तेव्हा दारावर चिन्ह असायचं, तीन सारंग्यांचं घर, असं. मी म्हटलं, आपण तरी पत्ता दुसरा कसा सांगतो? बिनखांबी गणपतीला ये, तिथनं खाली उतर, निवृत्ती चौकाकडं वळू नको.

आई, तुझी भीती मला माहीत आहे. देवाला पत्त्यावर आणू नये. पण तू सावंतवाडीची. तुझ्याच माहेरच्या डब्यात दशावतारी गंजिफा आहे, गोल, लाखेच्या लेपाची, 120 पानांची. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, राजा, वजीर आणि दहा. तिथल्या राजवाड्यात अजून रंगवतात. तुझ्या आजीनं त्यावर दुपारच्या दुपारी घालवल्या आणि तिला कुणी पाखंडी म्हटलं नाही. तरीही, तुझ्या मनासाठी, मी अंबाबाईची मूर्ती कुठंही काढलेली नाही. सूर्याच्या पानावर किरणोत्सव आहे. नोव्हेंबरातल्या संध्याकाळचा उजेड महाद्वारातून गरुड मंडपाच्या लाकडी कमानींखालून येतो आणि पितळी उंबऱ्यावर चढतो, तिथंच मी थांबले. उंबऱ्याच्या कडेचं पितळ पायांनी झिजून मधे खोल गेल्यासारखं दिसतं, ते नीट काढलंय. पुढं गाभाऱ्याचा अंधार. देवी तिथं आहे हे कोल्हापूरकराला दाखवावं लागत नाही.

बाकीची पानं भराभर सांगते, नाहीतर आई कंटाळेल. चार रंग म्हणजे काठ्या, पेले, तलवारी, नाणी. काठ्यांच्या जागी जोतिबाच्या सासनकाठ्या. दहाच्या पानावर मूळ चित्रात एक माणूस दहा काठ्यांच्या ओझ्यानं वाकलेला असतो. माझ्या पानावर काठी नाचवणारा आहे, कमरेच्या पट्ट्यात काठीचा बुंधा, तोरण्या, म्हणजे काठीच्या दोऱ्या, धरणारे चौघे, आणि सगळ्यांच्या भुवयांवर गुलाल. ओझं तेच, पण त्याला हौस आहे. पेले म्हणजे गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरचे, फेस वर आलेले. तलवारींत मर्दानी खेळाचा दांडपट्टा. नाण्यांच्या जागी साजाची पानं, आई, तुझ्याच साजावरून काढली. चंद्र, मासा, कासव जसं आहे तसं. तो साज मी परत लॉकरमध्ये ठेवला, चिंता करू नको.

रथाच्या पानावर दसऱ्याला निघणारी छत्रपतींची मेबॅक मोटार. ताऱ्याच्या पानावर त्रिपुरीच्या पहाटे पंचगंगेचा घाट. जगाच्या पानावर रंकाळ्याचा नंदी, जो रोज गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो, आणि पाण्याला टेकला की जगबुडी. लहानपणी मी आबांच्या खांद्यावर बसून "आज किती सरकला?" विचारायची आणि तुम्ही वीत लावून मोजायचात. गंभीर तोंडानं. मला किती वर्षं ते खरं वाटत होतं, सांगत नाही.

एकांतवासी माणसाचं पान आहे, हातात कंदील. ते आबालाल रहिमान. जे.जे.त शिकून आलेला एवढा मोठा चित्रकार, कोटितीर्थाजवळ फकिरासारखा राहिला, रंकाळा आणि संध्यामठ रंगवत. शाहू महाराज 1922 साली गेल्यावर त्यांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थात सोडली, असं सांगतात. ही गोष्ट मला तुम्हीच सांगितलीत आबा, ब्लॉक घेऊन जाताना, सायकलवर. मग मी चित्रकलेला गेले तेव्हा तुम्हीच का चिडला होता?

आई, तेराव्या पानाला घाबरू नको. ते मरणाचं. पण जुन्या फ्रेंच संचांत त्या पानावर नावच लिहीत नसत, मीही लिहिलं नाही. त्यावर विसर्जन आहे. पाण्यात उतरलेली माणसं लांब, आणि पुढं घाटाच्या पायरीवर रिकामा पाट, त्यावर चिमूटभर वाळू. बस.

सोळावं पान बुरुजाचं. वीज पडते, माणसं खाली येतात. सगळ्यांनी सुचवलं, नवा राजवाडा काढ. घड्याळाचा मनोरा आहे, राजवाड्याचा आराखडा करणारा मेजर मँट बिचारा तो पुरा व्हायच्या आत, 1881 साली गेला, राजवाडा झाला 1884 ला. कथा चांगली आहे, पण मी केशवराव भोसले नाट्यगृह काढलं. ते जळालं ती 8 ऑगस्ट 2024 ची रात्र. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आबा, तुम्ही त्या रात्री खासबागेच्या बाजूनं उभे होता आणि घरी येऊन कुणाशी बोलला नाहीत. राज्य नाट्य स्पर्धेची किती हँडबिलं तुम्ही उधारीवर छापलीत आणि उधारीच्या बदल्यात विंगेत उभं राहून नाटकं बघितलीत. त्या चित्रात ज्वाळा थोड्या आहेत. छप्पर गेल्यावर उरलेल्या दगडी भिंती जास्त आहेत, आणि त्या भिंतींमधून दिसणारं आभाळ. तुम्हाला बघवणार नसेल तर ते पान बाजूला ठेवा, पण फाडू नका.

राहिलं भविष्य. संच घेणारा त्यावर भविष्य बघेलच, मी कुणाचा हात धरणार? सोबतच्या पुस्तिकेत मी फक्त कुठलं चित्र गावात कुठं आहे आणि त्याची हकीकत एवढंच लिहिलंय. आणि आबा, दिवाळी अंकांची राशिभविष्यं आपल्याच प्रेसवर निघाली. एका वर्षी कन्या राशीचा मजकूर हरवला तेव्हा तुम्ही तिथल्या तिथं उभं राहून जुळवला होता, "वरिष्ठांची मर्जी राहील, पोटाचे विकार संभवतात". तेव्हा आई हसून हसून खाली बसली होती.

आता खोली. आबा, खिळे गेले, छपाईची ती शिशाची अक्षरं.

शिसं वजनावर दिलं. त्याचे आले ते आर्ट कार्डाला लागले, तुमच्या ऑपरेशनच्या पैशाला हात लावला नाही. खिळ्यांच्या केसेस, ते लाकडी खण, हलवल्याशिवाय त्या खोलीत पलंग बसत नव्हता, आणि माडीचा जिना तुम्हाला आता झेपणार नाही, हे मी तुम्हाला समोर सांगू शकले नसते. गेल्या कितीतरी वर्षांत त्यावर एक ओळ जुळलेली नव्हती. तुम्ही रोज फडका मारायचात तेवढाच. तरी मला माहीत आहे तो फडका काय होता. मी सुलटी अक्षरं शिकायच्या आधी उलटी शिकले, स्टुलावर बसून, तुम्ही हातात दिलेल्या मोडक्या "ळ" वरून. शाळेत बाईंनी छडी मारली तेव्हा तुम्ही जाऊन सांगून आलात की पोरगी चुकलेली नाही, आमच्याकडं असंच लिहितात.

सगळं दिलेलं नाही. लाकडी टाईप ठेवलाय, नाटकांच्या पोस्टरांचा तो मोठा. "श्री अंबाबाई प्रसन्न" चा ब्लॉक ठेवलाय. एक केस पूर्ण ठेवली, बारा पॉइंटाची, तुमच्या पलंगाखाली सरकवली आहे, बाहेर ओढता येते. तुमची खिळे जुळवायची स्टिक तिच्यातच आहे. आणि ट्रेडल, आपलं छपाईचं जुनं मशीन, कुठंही जात नाही. रुळ उतरवून तिच्यावर पंचिंगचा डाय बसवला. पत्ते तीच कापणार, गोल कोपऱ्यांसकट. परवा चाचणीला फिरवली तर शेजारच्या काकू धावत आल्या, "आबा आले काय?"

तुम्ही आल्यावर चिडायचं असेल तर चिडा. पण आधी महिनाभर खाली झोपून बघा.

सोबत पुस्तिकेचं प्रूफ पाठवते आहे. ऱ्हस्व-दीर्घ माझं कच्चं आहे, दुसऱ्या कुणाला दाखवायचं नाही. लाल पेन दादाच्या टेबलावर असेल. खूण समासात करा, मजकुरावर गिरगटू नका. दिवसाउजेडी बघा, खिडकीशी, चष्मा लावून, आणि पाय स्टुलावर लांब ठेवून. येत्या रविवारी दादा येतोय त्याच्याबरोबर परत द्या. नाट्यगृहाच्या मजकुरात काही चुकलं असेल तर नुसतं खोडू नका, बरोबर काय ते लिहा.

वहिनीला नमस्कार, पोरांना पापा.

तुमची,
शैला

ता. क. आई, बरणीत कांदा-लसूण मसाला दिलाय, पण आबांना त्यातला निम्माच. वहिनीला सांग, पुण्याच्या भाजीत एक चमचा पुरे होतो. आणि बरणी परत पाठव, झाकण नीट बसणारी ती एकच आहे.