या वेळी ‘छान’ म्हणू नका

महाल, नागपूर
रविवार, सकाळ

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही "छान झालं" म्हणालात आणि लगेच नागपूरच्या उन्हाचं विचारायला लागलात. मला तेव्हाच कळलं, मी पाठवलेलं तुमचं भजन काही तुम्हाला पटलेलं नाही. मागून आई मात्र बोलली, "तुझे बाबा विहिरीतून गाऊन राहिले असं वाटते वं." त्या वाक्याने माझं काम सोपं केलं.

आई नेहमी विचारते, मिक्सिंग म्हणजे तू नेमकं करते काय? दिवाळीत आपल्या ओसरीवर चार माईक लावले होते ना, बाबांना एक, पेटीला एक, डग्गा-तबल्याला एक आणि खंजिरी-टाळांना एक, ते चारही आवाज माझ्या लॅपटॉपवर वेगवेगळे आहेत. कोणाला पुढे आणायचं, कोणाला मागे बसवायचं, कोणाचा जाडपणा काढायचा ते मी ठरवते. सगळ्यात अवघड गेलं ते बाबांच्या माईकमध्ये शिरलेल्या खंजिरीचं. बाबांचा आवाज वाढवला की तीही वाढायची.

आता विहिरीचं. देवळाच्या गाभाऱ्यात आवाज घुमतो तसा घुमारा लॅपटॉपवर वरून देता येतो, त्याला रिव्हर्ब म्हणतात. भजन आहे म्हणून मी तो सढळ हाताने दिला. पण घुमारा वाढला की गाणारा लांब जातो आणि शब्दांच्या कडा विरघळतात. मी ज्यांच्याकडे शिकते त्या सरांनी एकदाच ऐकलं आणि म्हणाले, "ज्या ओळीवर लोकांनी मान डोलवायची, तीच तू पुसून टाकली." आईचंच म्हणणं झालं की हे. मग घुमारा पूर्ण बंद केला, हळूहळू वाढवत नेला आणि जाणवायला लागला तिथून थोडा मागे घेतला. शिवाय तो शब्दानंतर सेकंदाचा तिसावा भाग उशिरा सुरू होईल असं केलं. आता आधी शब्द पोचतो.

बाबा, डग्गा ऐकू येत नाही म्हणालात, म्हणून मी तो वाढवत गेले. मग मैत्रिणीच्या गाडीत लावून पाहिलं तर दारं थरथरली आणि पेटी कुठच्या कुठे गेली. सरांनी समजावलं की मोबाईलचा स्पीकर एवढासा असतो, डग्ग्याची खालची घुमी त्यातून निघतच नाही. फोनवर डग्गा ओळखू येतो तो हाताच्या थापेवरून. म्हणून घुमी पूर्वीसारखी केली आणि थाप उघडी केली, दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपास (हर्ट्झ म्हणजे आवाज किती वरचा की खालचा ते मोजायचं माप). पेटीचाही २५० हर्ट्झजवळचा जाडपणा थोडा काढला, दोघं एकमेकांच्या जागेत घुसत होते.

टाळांची धार तुम्हाला टोचली नाही, पण इथल्या शेजारच्या लहानीने चक्क कान झाकले. वय वाढलं की सगळ्यात वरचे आवाज आधी कमी ऐकू येतात. मी टाळ उतरवले आहेत. पुढच्या महिन्यात तुम्ही दोघं आलात की कान एकदा तपासून घेऊ, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आई, काळजी करू नको. कूलर बंद करून बसते हे खरं, कारण त्याच्या घरघरीत खालचे सूर दबतात आणि मी ते उगाच वाढवून बसते. पण पहाटे पाच ते सातच काम करते, तेव्हा खोली थंड असते.

आज तिसऱ्यांदा पाठवतेय. फोन हातात धरू नका, देवघरासमोर पाटावर ठेवा आणि दोघं जरा लांब बसा. कुठे शब्द सुटला, कुठे पुढे वाकून ऐकावं लागलं, तेवढं सांगा. बाबा, सूर तुमचे आहेत, तुम्हाला सांगायचा हक्क आहे.

एक विचारायचं राहिलं. दुसऱ्या कडव्याआधी तुम्ही श्वास घेतला आहे, लांब, थकलेला, आणि त्याच वेळी आईच्या बांगड्या वाजल्या आहेत. सर म्हणाले काढून टाक. मला काढवला नाही. तुम्हाला नको असेल तर सांगा, काढते.

तुमची,
धाकटी